‘इम्पीरियल’चं मराठी करताना या चुका टाळा

इंग्रजीतून मराठीत आलेले खर्डे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यात ‘इम्पीरियल’ हा शब्द आला की तिथे हमखास घोळ सापडतो. ओळखीचा वाटतो म्हणून शब्दकोश कोणी उघडत नाही, आणि उघडलाच तर पहिला अर्थ उचलून पुढे जातात.

सगळ्यात महागात पडते ती मापांची चूक. इंच, पौंड, गॅलन दिसले की ‘इम्पीरियल मापं’ लिहून मोकळे! अमेरिकेची मापं इम्पीरियल नाहीत. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने वेगवेगळे जुने गॅलन रद्द करून एकच ठरवला, तो इम्पीरियल. अमेरिका १७७६ मध्येच वेगळी झाली होती. ती जुन्या २३१ घनइंचांच्या वाइन गॅलनवरच राहिली. म्हणून ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकी ३.७८५ लिटरचा.

एका फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं होतं. मूळ मजकूर अमेरिकी. ‘शंभर गॅलन पाण्यात इतकं औषध’ या वाक्याचं भाषांतर करणाऱ्याने ‘४५५ लिटर पाण्यात’ असं केलं होतं. व्याकरण चोख, वाक्य सुबक, म्हणून आधीच्या दोन वाचकांच्या नजरेतून ते निसटलं. हवे होते ३७९ लिटर. म्हणजे औषध सहाव्या हिश्शाने पातळ झालं असतं, कीड मेली नसती आणि बोल औषधाला लागला असता. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘नेटवर गॅलनचे लिटर करून घेतले.’ कोणता गॅलन, हे त्या आकडेमोडीच्या पानावरच लिहिलेलं असतं. पण ते वाचायला अर्धा मिनिट थांबावं लागतं, आणि तेवढा धीर नवीन मंडळींना नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी सवय साधी आहे. खर्डा हातात घेतला की मजकूर कोणत्या देशातला आणि कोणत्या सालचा, हे आधी समासात पेन्सिलने लिहायचं. मग गॅलन, पाइंट आणि टन या तिघांभोवती गोल करायचा. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकी ४७३ चा. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, अमेरिकी २,००० पौंडांचा. इंच-फुटांची काळजी नको. १९५९ च्या करारानंतर इंच दोन्हीकडे २५.४ मिलिमीटरच आहे.

दुसरी चूक, सरसकट ‘शाही’. थाटमाट सांगायचा असेल तर शाही शोभतं. पण इम्पीरियल म्हणजे दरवेळी थाटमाट नव्हे. ब्रिटिश अमदानीतल्या भारताच्या कागदपत्रांत हा शब्द बहुतेकदा ‘प्रांतिक’च्या विरुद्ध येतो. तिथे नोकऱ्यांची उतरंडच इम्पीरियल, प्रोव्हिन्शियल, सबॉर्डिनेट अशी होती. इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिल म्हणजे गव्हर्नर जनरलचं केंद्रीय विधिमंडळ. त्याला ‘शाही परिषद’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे दरबार उभा राहतो आणि केंद्र-प्रांतांचा सगळा मुद्दाच बुडतो. मी तिथे ‘केंद्रीय’ किंवा ‘मध्यवर्ती’ लिहिते. संस्थेचं नाव असेल तर हात लावत नाही: १९२१ ची इम्पीरियल बँक, जी १९५५ मध्ये स्टेट बँक झाली, तिला ‘शाही बँक’ म्हणू नये.

‘रॉयल’लाही शाही आणि ‘इम्पीरियल’लाही शाही लिहिलंत तर ऑस्ट्रिया-हंगेरीत फसाल. १८६७ नंतर तिथल्या संयुक्त संस्थांच्या नावांत दोन्ही शब्द एकत्र यायचे, कारण एकच माणूस ऑस्ट्रियाचा सम्राट आणि हंगेरीचा राजा होता. ‘शाही आणि शाही सैन्य’ लिहिणार का? ‘सम्राटाचं आणि राजाचं सैन्य’ लिहा. लांबलं तरी चालेल. ‘रॉयल’साठी ‘राजकीय’ मात्र नको. त्याचा अर्थ मराठीत केव्हाच राजकारणाकडे गेला आहे. ब्रिटनचंही तसंच: १८७६ च्या कायद्यानंतर व्हिक्टोरिया राणी ब्रिटनमध्ये राणीच राहिली, सम्राज्ञी झाली ती भारताची.

‘साम्राज्यवादी’ हे इम्पीरियलचं भाषांतर नाही. ते धोरणावरचं मत झालं. मूळ लेखकाने मांडलं नसेल तर आपण घुसडू नये.

‘इम्पीरियल’चं मूळ असलेला लॅटिन ‘इम्पेरियम’ म्हणजे साम्राज्य, हेही घाईचं. सम्राट येण्याआधी, प्रजासत्ताक रोममध्ये, कॉन्सलकडे, म्हणजे निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे, इम्पेरियम असायचा: हुकूम देण्याचा, सैन्य चालवण्याचा अधिकार.

आणि इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स म्हणजे ब्रिटिशांच्या पगारावरची फौज असं समजू नका. १८८९ पासून संस्थानिकांनी स्वतःच्या खर्चाने, साम्राज्याच्या कामी द्यायला उभारलेल्या या तुकड्या. म्हणून ‘साम्राज्यसेवेसाठीची संस्थानी पथकं’ असं मी लिहिते. ‘संस्थानी’ गाळलं की फौज कोणाची हेच कळत नाही.