रोज दालचिनी घेताय? आधी साल बघा, मग वजन करा

बिर्याणीतल्या दालचिनीची काळजी नको. दोन ग्रॅमचा तुकडा सहा जणांत वाटला जातो, शिवाय तो ताटाच्या कडेलाच राहतो. हिशेब करायचा तो रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर पूड घेणाऱ्यांनी. कारण कुमारिन. सालीतलं हे गोडसर वासाचं नैसर्गिक संयुग जास्त प्रमाणात रोज पोटात गेलं, तर काहींच्या यकृताला त्रास होतो.

पूड विकत घेऊ नका. काय दळलंय ते कळत नाही. अख्खी कांडी घ्या आणि तिचं टोक डोळ्यांसमोर धरा. कागदासारख्या पातळ सालींचे बरेच पदर एकात एक गुंडाळलेले, रंग फिकट, बोटांनी सहज चुरते: ही सिलोन दालचिनी. हिच्यात कुमारिन नावापुरतंच. जाड, कडक, लालसर साल, कडा आत वळलेल्या: हा कॅसिया, दालचिनीचाच दुसरा, जास्त कुमारिनचा प्रकार. किराणा दुकानात बहुधा हाच मिळतो. कोकणातल्या बागायतदाराकडून घेत असाल तर जात विचारा; दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही खऱ्या, म्हणजे सिलोन दालचिनीची आहे.

घरात कॅसियाच असेल तर मोजून घ्या. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा आहे वजनाच्या किलोमागे रोज 0.1 मिलिग्रॅम कुमारिन. 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. कॅसियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी 3 मिलिग्रॅम धरलं, तर दिवसाला 2 ग्रॅम झाले. सपाट चहाचा चमचा साधारण अडीच ग्रॅमचा, म्हणजे एकाच चमच्यात मर्यादा ओलांडली! 15 किलोच्या मुलाला तर अर्धा ग्रॅमच. एखाद्या दिवशी जास्त झालं तर बिघडत नाही, रोजचं मोजायचं. आणि चमच्यावर विसंबू नका, शिगोशीग भरला की अंदाज चुकतो. छोटा डिजिटल काटा वापरा.

चहाला पुडीऐवजी तुकडा टाका आणि गाळून घ्या. थोडं कुमारिन उतरतं, पण पूड अख्खी पोटात जाते. उकळल्याने ते नाहीसं होत नाही.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. अमेरिकेत 1954 पासून अन्नात वेगळं कुमारिन घालायला बंदी आहे, भारतातही स्वादद्रव्य म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे. सालीत मुळातच असलेल्या कुमारिनाला ती लागत नाही. युरोपात मात्र सणासुदीच्या दालचिनी बिस्किटांनाही किलोमागे 50 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे.

दालचिनीच्या कॅप्सूल घेत असाल तर त्याही याच हिशेबात धरा. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन हे औषध चालू असेल, तर रोजची दालचिनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.