गंजलेली पेट्रोल टाकी घरच्या घरी साफ कशी करायची

बरीच वर्षं उभी असलेली गाडी चालू करायची म्हटलं की सगळे आधी बॅटरी नि प्लग बघतात, टाकीत कोणी डोकावतच नाही. मग कार्बोरेटर साफ करून गाडी चालू होते, दोन दिवसांत परत बंद पडते, परत कार्बोरेटर खोला. टाकीतला गंजाचा चुरा खाली येऊन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबवत असतो, तर वरवरचं साफ करून उपयोग काय?

गंज लागतो तो पाण्यामुळे. अर्धी रिकामी टाकी असली की वरच्या हवेतला दमटपणा पत्र्यावर थेंब धरतो, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतं. म्हणून टाकी सगळ्यात जास्त खराब होते तळाला आणि खालच्या जोडाला. आधी तिथेच बघा.

पण काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. जळतं ते द्रव पेट्रोल नाही, वाफ जळते, आणि हवेत साधारण दीड टक्का वाफ असली तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे लांबचा गॅस किंवा हीटरसुद्धा ती पेटवू शकतो. म्हणून काम उघड्यावरच करायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, आत बघायला काडी किंवा लायटर अजिबात नाही, छोटा टॉर्च घ्या. आणि टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारसुद्धा करू नका, कितीही धुतलेली असली तरी, जोडात अडकलेलं पेट्रोल तापलं की परत वाफ धरतं आणि टाकी फुटते. ते काम रोज टाक्या करणाऱ्या माणसालाच द्या.

आता पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढून घ्या, जुनं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही, गॅरेजवाले टाकाऊ ऑइल जिथे देतात तिथे चौकशी करा. टाकी गाडीवरून उतरवा, पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) काढा, काट्याचा फ्लोट (पेट्रोल किती आहे ते दाखवणारा आतला तरंगता भाग) असेल तर तोही काढा, आणि झाकणसुद्धा, कारण पुढे वापरायच्या ॲसिडने रबर नि पितळ दोन्ही खराब होतं. भोकं रबरी बुचाने बंद करा. रंग चांगला असेल तर टाकीला बाहेरून प्लॅस्टिक नीट गुंडाळा.

पहिली धुलाई गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने, दोन-तीन वेळा. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात ॲसिडने काही झालं नाही. जुन्या पेट्रोलचा चिकट थर पत्र्यावर असेल तर ॲसिड गंजापर्यंत पोचणारच कसं?

गंजाच्या खपल्या सुटत असतील तर मूठभर नट आत टाका, थोडं साबणाचं पाणी घाला, टाकी जुन्या चादरीत गुंडाळून सगळ्या बाजूंनी हलवत राहा. नट मोजून टाका आणि मोजूनच बाहेर काढा, माझा एकदा एक नट आतच राहिला होता आणि तो शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

मग सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, टाकी गळ्यापर्यंत भरायची, कारण जिथे पाणी पोचत नाही तिथला गंज तसाच राहतो. तोंड घट्ट बंद करू नका, आत हायड्रोजनचे बुडबुडे होतात, त्याला वाट हवी. आणि त्याच्याजवळही आग नको. बारा तासांनी बघा, नाहीतर एक दिवस ठेवा, पत्रा करडा दिसायला लागला की काढा, उगाच आठवडाभर ठेवलं तर चांगला पत्राही खाल्ला जातो. पांढरं व्हिनेगर पण चालतं, वेळ जास्त लागतो एवढंच. म्युरियाटिक ॲसिड (हायड्रोक्लोरिक ॲसिड) मात्र मी वापरू देणार नाही, पत्रा पातळ करतं, धूर छातीत जातो. कुठलंही ॲसिड असो, हातमोजे नि चष्मा घाला, आणि ब्लीचशी कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर गंजाचा प्रश्नच वेगळा, हे सगळं तिच्यासाठी नाही.

ॲसिड ओतून दिलं की खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, फेस थांबेपर्यंत, मग साधं पाणी.

आणि इथून पुढे घाई करायची, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते. उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांत परत नारिंगी होतो. म्हणून शेवटचं पाणी कढत वापरा, पत्रा तापलेला असला की लवकर सुकतो, लगेच उलटी करून झटका आणि हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. हेअर ड्रायर फक्त पाण्याने धुतलेल्या टाकीसाठीच, धुतल्यानंतर आत पेट्रोल, स्पिरिट, थिनर काही गेलं असेल तर ड्रायर लावायचा नाही. पूर्ण सुकली की थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत घालून टाकी फिरवा, सगळीकडे पातळ थर बसला पाहिजे.

टाकीच्या आत लावायचं इपॉक्सी सीलर मिळतं, पण ते बारीक भोकं असतील तरच लावा. नीट न सुकलेल्या पत्र्यावर लावलं तर नंतर पापुद्रे सुटतात आणि ते काढणं गंज काढण्यापेक्षा कठीण.

बसवताना कॉकची जाळी साफ करा, वायसर नवीन टाका, पाइपमध्ये एक फिल्टर घाला. पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर बघत राहा, लाल चुरा दिसला तर फिल्टर बदला. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी वरपर्यंत भरून ठेवा.