वाय दाबायच्या आधी यादी वाचा

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुने पण धडधाकट डेस्कटॉप घेऊन येणाऱ्यांना मी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून देतो. मग फोन येतो, "भाऊ, सॉफ्टवेअर कोणत्या साईटवरून उतरवू?" कोणत्याच नाही. मिंट, उबुंटू, डेबियन या लिनक्सच्या तिन्ही प्रकारांत हे काम एपीटीचं (ए, पी, टी), म्हणजे सॉफ्टवेअर आणणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामचं. एका सॉफ्टवेअरला लागणारी बाकीची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) शोधून, त्यांच्या डिजिटल सह्या तपासून तेच आणतं.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडेल. कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. 'सुडो' म्हणजे एस, यू, डी, ओ; पुढची कमांड मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालव, असा त्याचा अर्थ. सुडोनं पासवर्ड मागितला की टाइप करताना उबुंटू-डेबियनवर बहुधा टिंबसुद्धा दिसत नाही. "कीबोर्डच चालंना की हो" म्हणून लोक मशीन उचलून आणतात. चालतोय. टाइप करा, एंटर मारा.

पहिली कमांड: सुडो एपीटी अपडेट. हिनं काहीच बसत नाही, कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आली एवढी यादी ताजी होते. नव्या आवृत्त्या बसतात त्या सुडो एपीटी अपग्रेडनं. अपडेट न करता अपग्रेड केलं तर ते जुनीच यादी बघून "सगळं ठीक" म्हणतं.

आता नवीन काही बसवू. झेरॉक्सवाल्यांच्या कामाचं उदाहरण घेतो, स्कॅन केलेल्या मराठी पानातून मजकूर काढायचं: सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार. 'टेसरॅक्ट' म्हणजे टी, ई, एस, एस, ई, आर, ए, सी, टी; शेवटचं 'मार' म्हणजे एम, ए, आर. नाव आठवत नसेल तर आधी एपीटी सर्च टेसरॅक्ट. त्याला सुडो लागत नाही.

एंटर मारल्यावर एपीटी लगेच कामाला लागत नाही. आणखी काय काय येणार, किती एमबी उतरणार, डिस्कवर किती जागा जाणार ते सांगतं आणि वाय की एन विचारतं. इथंच थांबून वाचायचं. विशेषतः 'रिमूव्ह्ड' किंवा नव्या एपीटीत 'रिमूव्हिंग' असं लिहिलेली ओळ. इंजिनिअरिंगची पोरं "पायथन नवं टाकायचंय" म्हणून आधी जुनं काढायला जातात. मिंटचा निम्मा डेस्कटॉप पायथन ३ वर उभा आहे, त्यामुळं त्या यादीत अख्खा डेस्कटॉप दिसायला लागतो. एपीटी तर सांगतंय, पण वाचतो कोण! यादी लांबली की एन दाबा.

आपल्याकडचा खरा घोळ लाइटचा. उन्हाळ्यात दुपारी अपग्रेड लावायचं आणि मधेच वीज जायची, यूपीएस नाही. म्हणून काम दोन तुकड्यांत करा. रात्री मोबाइलचा डेटा उरला असेल तेव्हा सुडो एपीटी अपग्रेड -डी (इंग्रजी लहान डी): पॅकेजेस फक्त उतरतात. मग लाइटचा भरवसा असेल तेव्हा साधं अपग्रेड. उतरवताना वीज गेली तर बिघडत नाही. बसवताना गेली तर मशीन चालू करून सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (ही अर्धवट राहिलेलं बसवणं पूर्ण करते), आणि तरी कुरकुर राहिली तर सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. "लॉक मिळत नाही" असा संदेश आला तर मागं दुसरं अपडेट चालू असतं. चहा पिऊन या. नेटवर वाचून लॉकची फाइल उडवू नका.

साधं अपग्रेड बसलेलं पॅकेज काढत नाही. फुल-अपग्रेड गरज पडली तर काढतं, त्यामुळं तिथं यादी दोनदा वाचा.

काढायचं असेल तर सुडो एपीटी रिमूव्ह आणि पॅकेजचं नाव. यात सिस्टीमची कॉन्फिगरेशन फाइल मागं राहते, पुन्हा बसवलं तर जुनी सेटिंग मिळते. तीही नको असेल तर रिमूव्हच्या जागी पर्ज. सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस सुडो एपीटी ऑटोरिमूव्हनं जातात, जुने कर्नलही (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा). तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंगला मात्र पर्जही हात लावत नाही. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की ती फोल्डरं दिसतात, नको असतील तर हातानं काढा.