मास्टर-की कुलपांची तयारी: आधी कंट्रोल किल्ली

बडोद्यात वासणा रोडवरच्या नव्या इमारतीचं काम निघालंय आणि दारांच्या कुलपांचं पुन्हा माझ्याकडे आलंय. अलकापुरीच्या इमारतीत हेच काम मी केलं होतं आणि त्यात घोळ घातला होता. तुमच्याही ऑफिसात, दवाखान्यात, क्लासमध्ये मास्टर-कीवाली कुलपं (प्रत्येक दाराला आपली किल्ली, शिवाय सगळी दारं उघडणारी एक मास्टर) बसवायची असतील तर हे वाचून मगच सप्लायरला फोन करा.

कोटेशन मागवायच्याही आधी कागदावर लिहा: कंट्रोल किल्ली किती, कोणाकडे, कुठे. कोअर म्हणजे कुलपाचा आतला, किल्ली जाते तो भाग. बदलता येणाऱ्या कोअरची सगळी गंमत या एका किल्लीत आहे. ती मास्टर नव्हे. मास्टर दार उघडते, कंट्रोल कोअरच बाहेर काढते. घालायची, घड्याळाच्या दिशेने १५ अंश फिरवायची. कोअरच्या बाजूची छोटी जीभ आत जाते आणि कोअर किल्लीला धरून अलगद हातात येतो. दुसरा घातला की त्या दाराच्या जुन्या किल्ल्या बाद. मिस्त्री नको, दार उतरवायला नको.

अलकापुरीत एका मजल्याची मास्टर हरवली. मी निश्चिंत होतो, जास्तीचे कोअर कपाटात तयार होते. पण कंट्रोल किल्ली सप्लायरने कधी दिलीच नव्हती, मी कधी मागितलीच नव्हती, आणि तोवर त्याने दुकान बंद केलं होतं. शनिवारी रात्री १४ दारांचे कोअर ड्रिलने फोडले. पितळेचा भुगा गालिच्यात इतका रुतला की सोमवारीही लोकांच्या चपलांना लागून येत होता. कोअर गेले ते गेलेच, पाच दारांची हाऊसिंगही, म्हणजे कोअर बसतो ती बाहेरची खोबणही, गेली. म्हणून ऑर्डरवर वेगळी ओळ घाला: कंट्रोल किल्ल्या दोन, सीलबंद पाकिटात, सही घेऊन. "नंतर देतो" चालणार नाही.

आता दारं. वही घेऊन प्रत्येक दाराशी स्वतः जा. नकाशावरून करू नका, नकाशात नसलेली शाफ्टची आणि मीटररूमची दारं हमखास निघतात. आपल्याकडे बऱ्याच दारांना युरो सिलिंडर (दाराच्या आरपार जाणारं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं नळकांडं) असतो. तोही मास्टर-कीत बसतो, पण तो दाराच्या कडेचा स्क्रू काढून निघतो आणि त्याची स्वतःची किल्ली लागते. तिथे कंट्रोल किल्ली नसते. लांबी स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वेगवेगळी मोजा. खरा बदलता कोअर दोन जातींचा. छोटा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, बऱ्याच कंपन्यांच्या हाऊसिंगमध्ये जातो. मोठा कंपनीगणिक वेगळा. एकदा घेतलात की त्याच कंपनीशी बांधले गेलात. मी छोटाच घेतो.

पिन (किल्लीच्या खाचांवर बसणाऱ्या कोअरमधल्या बारीक कांड्या) ६ नको, ७ घ्या. छोट्या कोअरच्या ए२ नावाच्या पिन-पद्धतीत किल्लीची प्रत्येक खाच १० मापांपैकी एका मापाइतकी खोल असते, ०.०१२५ इंचाच्या पायरीने. मास्टर बसवताना दोन-दोन पायऱ्यांनी जावं लागतं आणि मास्टरचं माप वगळावं लागतं, म्हणजे एका पिनला ४ च मापं उरतात. ६ पिनांना ४०९६ किल्ल्या, ७ पिनांना १६३८४. ऐकायला भरपूर वाटतं, पण मजल्यांच्या आणि विभागांच्या मास्टर त्यातूनच कापल्या जातात.

सगळं एका मास्टरखाली आणू नका. अमेरिकन सुरक्षा-संशोधक मॅट ब्लेझ यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की ज्याच्याकडे एका दाराची साधी किल्ली, तेच कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या आहेत, तो हळूहळू खाचा घासत इमारतीची मास्टर शोधून काढू शकतो. म्हणून रोकड, सर्व्हर आणि औषधांची खोली मास्टरच्या बाहेर ठेवा. मालक म्हणतील, "मला एकच किल्ली हवी." नाही म्हणा.

किल्लीच्या पात्याचा आकार (ज्या फटीत ती जाते तिचा साचा) पेटंटच्या संरक्षणाखालचा घ्या, नाहीतर मांडवीतला चावीवाला पाच मिनिटांत नक्कल काढून देईल. किल्लीवर खाचांच्या मापांचा आकडा कोरू नका, नुसता क्रमांक पुरे.

इंटिरियरचं काम चालू असेपर्यंत तात्पुरते कोअर. सुतार, रंगारी, एसीवाला सगळे त्याच किल्लीवर. ताबा घ्यायच्या दिवशी सगळे काढायचे आणि खरे घालायचे. कशाने काढणार? कंट्रोल किल्लीने. बघा, पुन्हा तीच.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ओळखीच्या एका ऑफिसने गाळ सुकायच्या आत तळमजल्याचे सगळे कोअर काढले, धुतले, वाळवले, परत बसवले. कंट्रोल किल्ली तिजोरीत होती म्हणून जमलं. तिजोरीतच हवी, जुडग्यात कधीही नको. ती ज्याच्या हातात आहे तो कोअर काढून साध्या स्क्रूड्रायव्हरने दार उघडतो, म्हणजे ती हरवणं हे मास्टर हरवण्याइतकंच वाईट.

बाकीचं पटकन. जास्तीचे कोअर दर दहा दारांमागे एक. वंगणाला तेल नको, ग्रॅफाइट किंवा कोरडा स्प्रे. आगीच्या वाटेची दारं आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. किल्ल्यांची वही, सहीसकट. खाचांच्या मापांची यादी कंपनीकडून घ्या आणि कुलूपबंद ठेवा.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी पाकीट सप्लायरसमोर उघडा, कंट्रोल किल्ली दोन आहेत का मोजा, आणि तीन वेगवेगळ्या मजल्यांवरच्या तीन दारांचे कोअर स्वतःच्या हाताने काढून परत बसवा. मग चेकवर सही.