स्पोर्ट्स कारचा रंग बदलताना: छटा आणि रंगकामाची कार्यशाळा कशी निवडावी

गाडीचा रंग बदलायचे ठरले की बहुतेक मालक आधी छटा पक्की करतात आणि मग ती मारून देणारे गॅरेज शोधू लागतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो, म्हणून दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावेत. जी छटा तुमच्या शहरातला कारागीर आज नीट मारू शकेल, आणि दोन वर्षांनी एखादे दार पुन्हा रंगवायची वेळ आली तर जुळवूही शकेल, तीच छटा तुमच्यासाठी खरोखर उपलब्ध आहे असे समजावे. उदाहरणादाखल मी २०१२ साली आलेली पोर्शे बॉक्सटर, म्हणजे ९८१ पिढीची, उघडझाप होणाऱ्या कापडी टपाची गाडी, डोळ्यांसमोर ठेवतो.

या गाडीची दारे आणि पुढच्या-मागच्या डिकीची झाकणे ॲल्युमिनियमची, बाकीचा काही भाग पोलादी पत्र्याचा आणि दोन्ही बंपर प्लॅस्टिकचे आहेत. एकच रंग तीन वेगळ्या पृष्ठभागांवर बसवायचा असतो, आणि त्या प्रत्येकाची तयारी निराळी असते. ॲल्युमिनियम घासण्यासाठी पोलादावर वापरलेला कागद वापरला, तर लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि काही महिन्यांनी रंगाखाली गंजाचे फोड येतात. प्लॅस्टिकवर आधी पकड देणारा प्रायमर मारला नाही, तर रंगाचे पापुद्रे सुटतात. एकसंध पिवळा किंवा लाल रंग या तीन पृष्ठभागांतला छटेचा फरक बऱ्यापैकी लपवतो. चंदेरी मेटॅलिक रंग मात्र काहीच लपवत नाही, कारण त्यातील ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या कशा पडल्या आहेत यावर छटा अवलंबून असते, आणि ते फवारणीच्या बंदुकीचा दाब, अंतर, थिनर व हवामान यांवर ठरते. माझ्या चंदेरी गाडीचा पुढचा बंपर एकदा सुटा करून रंगवला गेला. कार्यशाळेच्या ट्यूबलाइटखाली तो जुळलेला दिसला आणि दुपारच्या उन्हात रस्त्यावर आल्यावर दुसऱ्याच गाडीचा वाटला. मेटॅलिक रंग निवडायचाच असेल, तर बंपर गाडीवर ज्या स्थितीत बसतो त्याच स्थितीत टांगून, शेजारच्या पॅनलबरोबर एकाच वेळी आणि एकाच मिश्रणाने रंगवला जाईल, अशी अट आधीच घालावी.

छटा निवडताना पहिला प्रश्न थरांचा असतो. साध्या रंगाला बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, पुरतो. माझ्दाच्या सोल रेड क्रिस्टलसारख्या रंगांत मात्र चमकदार थरावर पारदर्शक लाल थर आणि त्यावर क्लिअर असे तीन टप्पे येतात, आणि मधला थर किंचित जाड झाला तरी लाल रंग काळपट दिसतो. असा रंग पहिल्यांदा सुंदर बसेल. पण पार्किंगमध्ये कोणी दार घासले की तो जुळवणे हे कुशल कारागिरालाही अवघड जाते. लाल आणि पिवळ्या रंगांची झाकणशक्ती कमी असल्यामुळे त्यांच्याखाली योग्य छटेचा करडा किंवा फिका थर लागतो, आणि तो कोणता हे रंगाऱ्याला विचारताच त्याची जाण कळते. काळ्या रंगावर फडक्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, क्लिअरला पॉलिश करून डाग काढता येत नाही, म्हणून रोज वापरायच्या गाडीला तो देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. उघडझाप होणाऱ्या कापडी टपाचा आणि आतल्या चामड्याचा रंग बदलणार नाही, हेही विसरू नये; तपकिरी आसनांवर गडद हिरवा खुलतो, तर झगझगीत निळा खटकतो.

शक्यतो कंपनीच्याच यादीतील रंग घ्यावा, कारण त्याच्या संकेतांकावरून कोणत्याही चांगल्या रंगकंपनीचे सूत्र मिळते आणि पुढे गाडी विकतानाही घेणाऱ्याला विश्वास वाटतो. पोर्शेचा प्रसिद्ध गार्ड्स रेड जर्मनमध्ये ‘इंडिशरोट’, म्हणजे भारतीय लाल, या नावाने ओळखला जातो. आपल्याकडच्या मालकांना हे कळले की आनंद होतो, असा माझा अनुभव आहे. गाडीचा मूळ संकेतांक पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर असतो. छापील रंगपट्टीवर किंवा फोनच्या पडद्यावर विसंबू नये. निवडलेल्या छटेचे धातूच्या तुकड्यावर क्लिअरसह नमुने मारून घ्यावेत आणि ते सकाळच्या उन्हात, सावलीत आणि रात्रीच्या दिव्यांखाली उभे-आडवे धरून पाहावेत. पसंत पडलेला नमुना कार्यशाळेची सही घेऊन स्वतःजवळ ठेवावा.

कायद्याची बाजू काम सुरू होण्यापूर्वीच पाहावी. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग नोंदलेला असतो, आणि प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतात. त्यामुळे आरटीओकडे आधी अर्ज करावा, काम झाल्यावर नवा रंग नोंदवून घ्यावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे संमतिपत्र घ्यावे. लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी वाहनाला देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ ने तो संरक्षण विभागासाठी राखला आहे. त्याच्या जवळपासची हिरवी छटा मनात असेल, तर नमुना दाखवून आरटीओतच विचारलेले बरे.

आता कार्यशाळेकडे वळू. तेथे तयार झालेल्या गाड्या चकचकीतच दिसणार, म्हणून निम्मे काम झालेली गाडी पाहण्याचा आग्रह धरावा. दिवे, हँडल, आरसे, चिन्हे आणि काचेचे रबर काढून ठेवले आहेत, की त्यांच्याभोवती नुसता मास्किंग टेप लावला आहे? रंग बदलताना हा फरक निर्णायक असतो, कारण टेपच्या कडेला राहिलेली जुन्या रंगाची रेघ प्रत्येक वेळी दार उघडताना दिसते. दारांच्या चौकटी आणि दोन्ही डिकींच्या कडा आतून रंगवणार का, हे स्पष्ट विचारावे. बॉक्सटरचे इंजिन झाकण उघडताच दिसत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचा जुना रंग डोळ्यांत येत नाही, ही त्यातल्या त्यात सोय आहे. अशा कामात फवारणीपेक्षा खोलण्या-जोडण्यातच अधिक मजुरी जाते, त्यामुळे संशयास्पद स्वस्त दर दिसला, तर बहुधा खोलणेच वगळले आहे असे समजावे.

रंगाच्या खोलीत हवा छतातील गाळणीतून येऊन जमिनीच्या जाळीतून बाहेर जायला हवी आणि तेथे पत्र्याला सुमारे ६० अंश सेल्सियसची ऊब देण्याची व्यवस्था हवी. कारखान्यात नुसती कवच असलेली बॉडी याच्या दुपटीहून अधिक तापमानात भाजली जाते, पण पूर्ण जोडलेल्या गाडीतील प्लॅस्टिक आणि वायर ते सोसू शकत नाहीत, म्हणून येथे कमी उबेतही रंग घट्ट करणारे रसायन, म्हणजे हार्डनर, मिसळलेला रंग वापरावा लागतो. त्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. रंगाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा न देता नाकाला रुमाल बांधून काम करायला लावणाऱ्या ठिकाणी मी माझी गाडी देणार नाही. माणसाची काळजी न घेणारे लोक गाडीची घेतील यावर माझा विश्वास बसत नाही. काँप्रेसरच्या नळीवर पाणी आणि तेल अडवणारी गाळणी आहे का, तेही पाहावे. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळलेले उत्तम, कारण दमट हवेत थिनर उडताना थंड झालेल्या पृष्ठभागावर बाष्प धरते आणि रंगावर पांढरट झाक येते.

काम देण्याआधी रंगाच्या जाडीचे मीटर घेऊन धातूच्या प्रत्येक पॅनलचे आकडे नोंदवावेत. मीटर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारे असावे. कारखान्यातला थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या जागी आकडा त्याच्या कितीतरी पट आला, तर खाली बहुधा पोचे भरणारी पुटी आहे, आणि तिच्यावर नवा रंग द्यायचा की ती खरवडून काढायची, याचा निर्णय दरपत्रक ठरण्यापूर्वी व्हायला हवा. दरपत्रकात रंगकंपनीचे नाव, संकेतांक, प्रायमर व क्लिअरचा प्रकार, कोणते भाग खोलणार, कापडी टप कसा झाकणार आणि रंग सुटल्यास किंवा फुगल्यास किती काळ हमी राहील, हे सगळे लिहून घ्यावे. उरलेला रंग बंद डब्यात स्वतःकडे मागून घ्यावा.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसाच जावे आणि ती धुऊन, पुसून मग उन्हात पाहावी. ओघळ, धुळीचे कण आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा हे दोष क्लिअर पुरेसा जाड असेल तर घासून-पॉलिश करून निघतात; छटेतला फरक तसा निघत नाही, म्हणून सहीचा नमुना प्रत्येक पॅनलजवळ धरून पाहावा आणि जुळत नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नये. पारदर्शक संरक्षक फिल्म किंवा मेण लावण्यापूर्वी रंगातील उरलेले द्रावक उडून जाण्यासाठी साधारण महिनाभर थांबावे, आणि तोवर गाडी भरपूर पाण्याने, मऊ कापडाने, सावलीतच धुवावी.