व्यक्तिमत्त्व विकाराची शंका असेल, तर पुण्यात कुठे आणि कसं जावं

तापट, संशयी किंवा अति टापटिपीचं माणूस घरोघरी असतं. तो विकार नव्हे. वागण्याची तीच तऱ्हा तरुणपणापासून चालत आलेली, घर, नोकरी, मैत्री सगळीकडे दिसणारी आणि आयुष्य खरोखर अडवणारी असेल, तरच विकाराचा विचार करायचा. फक्त सासूशी खटके उडतात, ऑफिसात मात्र सगळं सुरळीत, तर प्रश्न बहुधा त्या नात्याचा आहे.

इंटरनेटवर दहा प्रकारांची यादी सापडते, ती अमेरिकन वर्गीकरणातली. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आधी तीव्रता ठरवतात, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि मग स्वभावाचे ठळक पैलू नोंदवतात. त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली तर लगेच घाबरू नका.

खरा घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या आजारांमुळे. बॉर्डरलाइन या व्यक्तिमत्त्व विकारात मूड काही तासांत फिरतो, बहुतेकदा कुणाच्या तरी बोलण्यावरून. बायपोलर या मूडच्या आजारातली तेजी, म्हणजे अति उत्साहाचा काळ, निदान चार दिवस तरी टिकते, अनेकदा आठवड्याहून जास्त. दारू, थायरॉइड, नैराश्य यांनीही स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत ठाम निदान मिळालं, तर दुसरं मत जरूर घ्या.

गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात. त्यांची एमडी, डीएनबी किंवा डीपीएम ही पदवी बघा. थेरपीसाठी, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचारासाठी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा आणि आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोच कसला? नुसत्या ‘समुपदेशक’ पाटीवरून शिक्षण कळत नाही. खासगी फी परवडत नसेल तर ससूनला केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत दाखवता येतं. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक दचकतात, पण तिथेही ओपीडी आहे; दाखवायला गेलं म्हणजे दाखल करतातच असं नाही.

जाताना एक कागद तयार ठेवा. त्यावर गेल्या काही महिन्यांतले तीन-चार प्रसंग तारखेसह लिहा: आधी काय घडलं, किती वेळ टिकलं, नंतर काय झालं. ‘ती नाटकी आहे’ असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘फोन उचलला नाही म्हणून सोळा मिस्ड कॉल, मग दोन दिवस अबोला’ यातून बरंच कळतं. झोप, दारू-तंबाखू, चालू गोळ्या मिलिग्रॅमसह, जुनी प्रिस्क्रिप्शन्स, घरातले मानसिक आजार हेही हवं. शाळेपासून ओळखणारं कुणी सोबत असेल तर उत्तम.

माणूस यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी आधी एकट्याने जाऊन सल्ला घ्यावा. भांडणात ‘तुला डिसऑर्डर आहे’ म्हणालात, की पुढचे सहा महिने दार बंद. ‘तुला झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू’ हे पटण्याची शक्यता जास्त.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. माणसाला एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं हाताबाहेर ठेवा आणि थेट तातडीच्या विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर 112.

मुख्य उपचार थेरपीचा. बॉर्डरलाइनसाठीची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) पूर्ण स्वरूपात घेतली तर आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि एक कौशल्यवर्ग, साधारण सहा महिने ते वर्षभर. ‘डीबीटी करतो’ म्हणणाऱ्यांना वर्गही घेता का, ते विचारा. गोळ्या बहुधा सोबतच्या नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी असतात. खास बॉर्डरलाइनसाठी मंजूर झालेलं औषध नाही. प्रत्येक गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे विचारा. मनाने बंद करू नका.

थेरपी तुटते ती बहुतेकदा सुरुवातीच्याच सत्रांत, थेरपिस्टवर राग येऊन. तो राग त्याच खोलीत बोलून दाखवायचा. उपचाराचं बरंचसं काम तिथेच असतं. विम्याचंही पाहून घ्या: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का, हे आधी विचारा.