ताठ जागा शोधा, मग तासा

धामणीचं लाकूड आमच्या घरी कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी यायचं. आप्पा सुतार. धामणीच्या दांड्याने हाताला झिणझिण्या येत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक तोच मागायचं. संस्कृतात या झाडाला धन्वन आणि धनुर्वृक्ष म्हणतात, हे मला खूप उशिरा कळलं. कळलं त्याच उन्हाळ्यात मी पहिलं धनुष्य करायला घेतलं. आता देवरुखच्या आमच्या पडवीत दांड्यांच्या शेजारी धनुष्यंही टांगलेली असतात.

लाकूड निवडण्यावर, फोडण्यावर पुष्कळ सांगता येईल. पण मला विचारणारे बहुतेक जण एकाच जागी अडलेले असतात: ‘ताई, माझं एकाच बाजूने वाकतंय, काय करू?’ म्हणून इथे फक्त दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारख्या वाकवण्याबद्दल लिहिते. या कामाला टिलरिंग म्हणतात.

आधी दोन शब्द पक्के करू. नेम धरताना धनुष्याची जी बाजू समोर असते ती पाठ आणि आपल्याकडे असते ते पोट. वाकताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. सालीखालचा पहिला अखंड थर ही माझ्या धनुष्याची पाठ. तिथले धागे एकदा कापले गेले की तिथूनच ढलपी उठते. त्यामुळे तासायचं ते फक्त पोट.

माझं नेहमीचं माप ६६ इंच लांब, ओढ (म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावरचं अंतर) २६ इंच, तेवढं ओढायला लागणारी ताकद ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो. मूठ ४ इंच. भुजा मध्यापर्यंत दीड इंच रुंद, तिथून निमुळती होत टोकाला अर्धा इंच. जाडी मुठीजवळ ५ सूत, टोकाकडे ४ (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आणि लाकूड कोरडं हवं. कोकणात पावसाळ्यात हे काम करूच नका. ओलसर लाकूड वाकलं की तसंच वाकडं राहतं. माझे तुकडे पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर असतात. दिवाळीनंतर दर रविवारी वजन करते. तीन आठवडे काटा हलला नाही की तुकडा खाली येतो.

सुरुवात जमिनीवर. एक टोक गोणपाटावर टेकवा, दुसरं हातात धरा आणि मूठ हलकेच दाबा. खालची भुजा जरा तरी वाकतेय ना, कुठे वाकतेय, ते बघा. मग उलटं करून दुसरी. दोन्ही साधारण सारख्या जोराने वाकेपर्यंत रंधा आणि कानस चालवायला हरकत नाही. इथे फार वेळ घालवू नका.

खरं काम भिंतीवर सुरू होतं. पडवीच्या भिंतीला मी एक जाड फळी ठोकली आहे. तिच्या वरच्या खोबणीत मूठ बसते, खाली जमिनीलगत कप्पी. दोन्ही टोकांच्या खाचांत सैल लांब दोरी अडकवायची, तिला हुकाचा डिजिटल काटा लावायचा आणि काट्याची रशी कप्पीतून काढून सहा फुटांवर उभं राहून ओढायची. लांबून दोन्ही भुजा एकदम दिसतात, आणि मोडलंच तर तुकडा तोंडावर येत नाही. तरी डोळ्यांना चष्मा हवाच. मागच्या चुन्याच्या भिंतीवर निळीत भिजवलेल्या सुताने आडव्या रेघा मारल्या आहेत. त्या नसतील तर नजर फसते. डावीकडून उजेड आला तरी उजवी भुजा ताठ वाटते.

सुरुवातीला ५-६ इंचच ओढा. जी भुजा कमी खाली येते ती ताठ, म्हणून तासायची ती. एका भुजेतही जो भाग पट्टीसारखा सरळ राहतो, तिथे शिसपेन्सिलने खूण करायची. जो भाग आधीच वाकतोय, त्याला बोट लावायचं नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण हात सवयीने वाकलेल्या जागेकडेच जातो. म्हणून खूण केल्याशिवाय मी हत्यार उचलत नाही.

खुणेवर आठ-दहा हात मारा, मग धनुष्य परत भिंतीवर चढवून २०-३० वेळा थोडं थोडं ओढा. तासल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, लाकूड हलल्यावर दिसतो. हे न करता पुन्हा तासलं की हमखास जास्त जातं. आणि जास्त जाणं म्हणजे किती, तेही सांगते. वाक जाडीच्या घनावर ठरतो. ४ सुतांच्या जागी अर्धा सूत गेला की तिथला ताठपणा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. रुंदीचं तसं नाही, ती आठव्या हिश्श्याने कमी केली तर ताठपणाही तेवढाच कमी होतो.

दुसरा नियम काट्याचा. ३५ पौंडांचं धनुष्य हवं असेल तर कुठल्याही टप्प्यावर ३५च्या पुढे ओढायचं नाही. १४ इंचांवरच काटा ३५ दाखवत असेल तर तिथेच थांबा, खुणा करा, तासा. पुढच्या खेपेला तेच ३५ पौंड १५ इंचांवर येतील. असं करत २६ पर्यंत पोचायचं.

माझं दुसरं धनुष्य मी याच ठिकाणी घालवलं. संध्याकाळची वेळ, एकच दिवा, खालच्या भुजेवर मुठीपासून ११ इंचांवर कानस जरा जास्त फिरली होती. भिंतीवर तिथे कोपर मोडल्यासारखा कोन दिसत होता. मला तो दिसला होता, तरी ‘पूर्ण ओढल्यावर कसं दिसतं बघू’ म्हणून मी ओढलं. २२ इंचांवर ते मोडलं. वर्षभर वाळवलेलं लाकूड होतं. त्या रात्री मी जेवले नाही. आप्पांनी तुकडा उचलला, डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली फिरवला आणि बरोबर त्या जागी थांबले. दांड्याची जाडी ते तशीच बघायचे. आता दर खेपेला भिंतीवर चढवण्याआधी मीही चिमूट फिरवते. दिव्याखाली डोळ्यांना न दिसलेला खड्डा बोटांना लागतो.

असा कोन दिसला तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन इंच सोडून बाकीची भुजा हळूहळू खाली आणायची, मग दुसरी भुजा तिच्या जोडीला. ताकद घटेल. ३५चं २८ झालं तर ते २८चं चांगलं धनुष्य समजा. गाठ असेल तिथे मात्र थोडं लाकूड मुद्दाम जास्त ठेवा.

दोन्ही भुजा सारख्या खाली येऊ लागल्या, ओढ १५-१६ इंचांवर आली, की आखूड दोरी चढवा. पोटापासून दोरी आधी ४ इंचांवर, शेवटी ६. इथून पुढे मी एक छोटा ठोकळा वापरते. सहा इंच लांब, एक कड अगदी सरळ, मधोमध भोक आणि भोकात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवलेला. सरळ कड पोटावर टेकवून जिथे भुजा सर्वांत जास्त वाकलीये तिथे धरायची आणि पेन्सिल अशी सरकवायची की टोक लाकडाला जेमतेम लागणार नाही. मग ठोकळा भुजेवरून फिरवायचा. सरळ भागात मधली फट कमी असते, तिथे पेन्सिल आपोआप रेघ ओढते. रेघ आली तिथेच तासायचं. मुठीलगतचे दोन इंच आणि टोकाचे पाच-सहा इंच याला अपवाद, ते थोडे ताठच बरे. आता कानस बाजूला ठेवा. करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा उभा धरून खरवडा, भुसा कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघायला हवा.

वरची भुजा कुठली, खालची कुठली, हे इथेच ठरवा. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरून ओढत असाल तर खालच्या भुजेवर भार जरा जास्त येतो, म्हणून ती किंचित ताठ ठेवतात. मुठीपासून सारख्याच अंतरावर दोरी आणि पोटातली फट मोजा. वरच्या भुजेची १ ते २ सूत जास्त भरली की झालं. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्यांनी दोन्ही जवळपास सारख्या ठेवाव्यात.

पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर ओढणं तिथेच थांबवा. ती जागा सोसण्यापलीकडे दाबली गेली आहे, म्हणजे शेजारची जागा अजून ताठ आहे.

काटा २५ इंचांवर ३५ दाखवू लागला की २६ची वाट न बघता खरवडणं थांबवा, कारण पॉलिश पेपरने एक-दोन पौंड जातातच. रिकामी दोरी कधीही सोडू नका. पन्नासेक बाण मारून झाले की धनुष्य पुन्हा भिंतीवर चढवा, ठोकळा फिरवा. बहुतेक वेळा एखादी छोटी रेघ उठतेच. तीही काढा, आणि मगच अळशीच्या तेलाचा पहिला हात द्या.